करंगळीचा घट्टा

मला कुष्ठरोग झाला होता. आता मी बरा आहे. ही दोन वाक्यं लागोपाठ लिहायला मला काही वर्षं लागली, आणि त्यातलं पहिलं लिहिताना अजूनही मान खाली जाते. आमच्याकडची जुनी माणसं या रोगाला महारोग म्हणतात, आणि तेही आवाज उतरवून. कोल्हापुरात आवाज उतरवून फार थोड्या गोष्टी बोलल्या जातात, त्यातली ही एक.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी अंगावर आत्ता एखादा न दुखणारा, न खाजणारा फिकट चट्टा असेल, आणि तो माणूस माझ्याइतकाच शहाणा असेल. त्याच्यासाठी हे लिहितो आहे. गोळ्यांची माहिती डॉक्टर देतील. मला लाजेबद्दल सांगायचं आहे, कारण रोगापेक्षा तिनंच माझं जास्त नुकसान केलं.

*

मी मंगळवार पेठेतला. अप्पांचं भांड्यांचं दुकान, अव्वा निपाणीकडची, त्यामुळे घरात आई-बाबा म्हणत नाहीत, कानडी वळणानं अव्वा-अप्पा म्हणतात. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला होतो. टेबलाशी बसून सुट्या भागांची मापं तपासायची, एवढंच काम. मशीनला हात लावायचा प्रसंग कधी आला नाही. हे लक्षात ठेवा.

माझं खरं आयुष्य सुटी झाल्यावर सुरू व्हायचं. आमच्या ऑर्केस्ट्रात मी लीड गिटार वाजवायचो. मला 'एक्सप्रेस' म्हणायचे. गाण्यातल्या मोकळ्या जागेत इतरांना चार सूर सुचतात तिथे मी चाळीस कोंबायचो, आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं. ऑर्केस्ट्राचे मालक आणि निवेदक विलासदादा म्हणायचे, "भावा, लोकास्नी स्पीड पायजे. रडायला घर हाय की." मला ते पटायचं.

गिटार वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांना तारांनी घट्टे पडतात. सुरुवातीला बोटं सोलून निघतात, मग कातडी जाड होते आणि दुखणं थांबतं. ज्याचं बोट दुखत नाही त्याचा हात तयार, असा आमच्यात हिशेब. एका हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की डाव्या करंगळीला काहीच लागत नाही. तार टोचत नाही, थंडी वाजत नाही. मला इतका आनंद झाला की मी ते सगळ्यांना सांगत सुटलो.

पुढे त्याचा खेळच झाला. तालमीला कुणी पाहुणा आला की विलासदादा म्हणायचे, "दाखीव की रे करंगळी!" मी पेटती उदबत्ती घ्यायचो आणि तिचं टोक करंगळीच्या पेरावर टेकवायचो. कातडी जळाल्याचा वास यायचा. पाहुणा "अयायाया" करायचा. मी हसून म्हणायचो, "रियाज हाय, पावणं." दुसऱ्या दिवशी फोड यायचा, तोही मी मिरवायचो. बधिरपणा नंतर करंगळीवरून तळव्याच्या कडेपर्यंत उतरला. तिथे तार कधीच लागत नाही, मग घट्टा कसा पडेल? हे मला कळायला हवं होतं, पण ज्याचं कौतुक होतं त्या गोष्टीला माणूस प्रश्न विचारत नाही.

*

माझी बायको शैला. तिनं एका सकाळी माझा हात उलटा करून पाहिला. तळव्याच्या कडेला इस्त्रीचा त्रिकोणी डाग होता, आतून ओला.

"हे कधी भाजलं?"

"काय की."

"काय की म्हंजे? एवढं भाजलं आणि तुमाला कळलं न्हाय?"

तोवर करंगळी वाजवताना मागे राहू लागली होती. मला वाटायचं, तार बदलायला झाली असेल. शैलाला गिटारीतलं काही कळत नव्हतं, म्हणून तिनं मला डॉक्टरकडे नेलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं. "कापूस लावतो. जिथं लागेल तिथं बोट ठेवा." मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ झाला. मला वाटलं, कापूस शोधत असतील. शेवटी मीच म्हणालो, "करा की सुरू." डॉक्टर म्हणाले, "झालं माझं. डोळे उघडा."

मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला बोटानं दाबलं. तिथली नस दोरीसारखी टणक झाली होती, आणि मी इतक्या जोरात ओरडलो की शैला उठून उभी राहिली. त्यांनी शर्ट काढायला लावला. पाठीवर दोन चट्टे होते, मला माहीतही नसलेले. मग त्यांनी रोगाचं नाव घेतलं.

अशा वेळी माणूस काय विचारतो? बरा होईन का, असं विचारत असेल. वाजवता येईल का, असं विचारत असेल. मी विचारलं, "बाहेर कोण कोण बसलंय?" पेठेतलं कुणी ओळखीचं मला इथून बाहेर पडताना बघेल, ही माझी पहिली भीती होती. डॉक्टरांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं. ते म्हणाले, औषध आहे, फुकट आहे, रोग पूर्ण बरा होतो. औषध सुरू झालं की तुमच्यापासून कुणाला धोका नाही. बायकोशेजारी झोपा, पोरांना मांडीवर घ्या. हाताबद्दल मात्र ते सावकाश बोलले. नस दुखावली आहे. थोडं आधी आला असता तर बरं झालं असतं.

मी उदबत्तीबद्दल काही बोललो नाही.

*

पहिल्या दिवशीच्या गोळ्यांनी लघवी लाल होते. तसं मला सांगितलं होतं, पण लाल म्हणजे एवढी लाल हे सांगितलं नव्हतं. संडासात भिंतीला धरून उभा राहिलो. तुम्हीही घाबराल, घाबरू नका, ते औषधच असतं.

घरात कुणी आरडाओरडा केला नाही. अव्वानं माझं ताट घासून फळीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं, एकटं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर शैलानं स्वतःचं ताट घासलं आणि माझ्या ताटाला टेकवून ठेवलं. अव्वा बघत होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सगळी ताटं पुन्हा एका रांगेत आली. शैलाचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, पण डोळे मिटले की मला ते ताटच दिसतं.

खोटं जन्माला आलं ते दुकानात. तोवर हाताला पट्टी होती आणि शेवटची दोन बोटं आकड्यासारखी वाकू लागली होती. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "पोराच्या हाताला काय झालं हो?" अप्पांनी पितळी तांब्या वजनात टाकता टाकता सांगितलं, "मशीनीत सापडला. कागलला."

गिऱ्हाइकानं चुकचुक केली. आमच्या भागात मशीनमध्ये बोट गेलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांना मान आहे. घाम गाळताना गेलेलं बोट असतं ते. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. आधी अप्पांचा राग आला, मग इतकं हलकं वाटलं की मी तिथेच खाली बसलो. रात्रीच्या जेवणापर्यंत पेठेत मशीनची बातमी पोचली होती.

कारखान्यात मशीन सांगता येईना, म्हणून तिथे कावीळ सांगितली. ऑर्केस्ट्रात मशीन. शैलाच्या माहेरी फ्रॅक्चर. एकदा ती वैतागून म्हणाली, "कुणाला काय सांगितलंय ते मला आधी सांगत जावा. काल मावशीसमोर मी कावीळ म्हणणार हुते." आम्ही दोघं हसलो. त्यानंतर ती पाठमोरी झाली आणि बराच वेळ तशीच भाकऱ्या थापत राहिली.

*

पुढे नसेला सूज येऊन दुखणं असह्य झालं, तेव्हा मला गावाबाहेरच्या दवाखान्यात भरती केलं. कुष्ठरोग्यांचाच दवाखाना. मी आत गेलो आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो. मी यांच्यातला नाही, हे मला भिंतीलाच समजावून सांगायचं होतं.

तिथला दिनक्रम साधा होता. सकाळी हातपाय पाण्यात भिजत ठेवायचे, राठ कातडी दगडानं घासायची, ओलं असतानाच तेल लावायचं. मग एकमेकांचे हातपाय तपासायचे. ज्याला दुखत नाही त्याला जखम कळत नाही, म्हणून दुसऱ्यानं बघायचं. मला कुणाला हात दाखवायची लाज वाटायची. शेजारच्या कॉटवरच्या माणसानं सरळ माझं मनगट धरून हात ओढून घेतला.

"हितं काय झालतं?" करंगळीच्या पेरावरच्या गोल डागांकडे बघत त्यानं विचारलं.

"उदबत्ती."

"देवानं लावली व्हय?"

हा माणूस म्हणजे तातोबा. म्हशींचा दलाल, बाजारात आरडाओरडा करून आवाज फाटलेला. पायाच्या जखमेसाठी आला होता. सगळ्यांना नावं ठेवायचा, डॉक्टरांनासुद्धा. स्वतःचा रोग मात्र कुणी न विचारताच सांगायचा. फळवाला आला तरी त्याला सांगायचा, "महारोग हाय. बरा हुतोय. केळी ताजी हायत का?" मला त्याच्या शेजारी असण्याचीही शरम वाटायची.

मी गिटार वाजवतो हे त्याला शैलाकडून कळलं. मग तो पाठीच लागला. शेवटी शैलानं घरून टेपरेकॉर्डर आणि माझी कॅसेट आणली. पन्हाळ्याला झालेल्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं ते. एका जुन्या संथ गाण्यावर मी बांधलेला, माझा सर्वांत गाजलेला पीस. दुपारी जेवणं झाल्यावर तातोबानं सगळ्या वॉर्डाला गोळा केलं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच मी ताठ बसलो होतो. यांना कळू दे, मी कोण आहे ते.

कॅसेट सुरू झाली. माझी बोटं धावत होती. चांगली होती ती बोटं, खोटं कशाला सांगू? वर जात होती, खाली येत होती, एकही सूर घसरत नव्हता. मी तातोबाकडे पाहिलं. तो टेपकडे बघत होता, वाट बघितल्यासारखा. थोड्या वेळानं त्यानं विचारलं,

"गाणं कवा सुरू हुनार?"

"हेच गाणं आहे."

"व्हय? मला वाटलं, अजून तारा जुळवालाय."

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. सगळे अगदी शिस्तीत, पाहुण्यांकडच्या लग्नात बसतात तसे बसले होते.

मग ती जागा आली. त्या कार्यक्रमात ऐन रंगात माझी पहिली तार तुटली होती. वेग अचानक थांबला होता, आणि गाणारी परत येईपर्यंत काहीतरी वाजत राहायला हवं म्हणून मी जाड तारेवर गाण्याची मूळ ओळच सावकाश वाजवली होती. दोन बोटांनी, तार ओढून ओढून, चाचपडत. घरी ऐकताना तो भाग मी नेहमी बटण दाबून पुढे पळवायचो. इथे हात पट्टीत होता आणि टेप तातोबाच्या उशाशी होता.

तातोबानं मान वर केली. कोपऱ्यातला एक म्हातारा ती ओळ तोंडातल्या तोंडात म्हणू लागला. सूर लांबत होता, थोडा हलत होता, आणि संपताना खाली बसत होता. मग गाणारी आली आणि माझी एक्सप्रेस उरलेल्या तारांवर पुन्हा सुटली.

"आरं, ते मगासचं परत लाव की," तातोबा म्हणाला. "कोण वाजवत हुतं ते?"

"मीच."

"न्हाय," तो म्हणाला. "त्यो येगळा माणूस हाय."

त्यानं स्वतःच कॅसेट मागे घेतली. तो तुटलेल्या तारेचा तुकडा त्यांनी त्या दुपारी इतक्यांदा ऐकला की मला उठून व्हरांड्यात जावं लागलं. डॉक्टरांकडे रोगाचं नाव ऐकलं तेव्हा मला जगाची लाज वाटली होती. त्या दुपारी मला माझी लाज वाटली. मी एवढी वर्षं हजारो सूर वाजवले होते आणि त्यातला एकही कुणाला सांगण्यासाठी नव्हता. सगळे दाखवण्यासाठी होते. पेटती उदबत्ती आणि माझा तो पीस यांत मला तेव्हा काही फरक सापडेना.

*

घरी आलो तेव्हा नसेच्या सुजेवरच्या गोळ्यांनी गाल फुगले होते. पेठेतले लोक म्हणाले, "तब्येत सुधारली की!" हाताला रोज व्यायाम, रोज तेल. नसेचं दुखणं गेलं, थोडी ताकद आली. अनामिका थोडी सरळ झाली, करंगळी आहे तशीच राहिली. तर्जनी आणि मधलं बोट मात्र शाबूत होती.

मी गिटार काढली ती घरात कुणी नसताना. दोन बोटांनी पळता येत नाही. मग एकच सूर धरला आणि तार हळूहळू वर ओढली. तो नेमका कुठे पोचायला हवा, तिथे किती वेळ थांबायला हवं, हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं वाजवून मला थांबता येत नव्हतं. शिवाय अशा सुरात फार उघडं वाटतं. जलद वाजवताना एक सूर खोटा लागला तरी पुढचे दहा त्याच्यावर पांघरूण घालतात. सावकाश वाजवताना मन कुठे आहे ते लगेच ऐकू येतं. मी दवाखान्यात ऐकलेली माझी ती ओळ गिरवत बसलो. स्वतःचीच नक्कल करायला मला महिने लागले.

एका संध्याकाळी अव्वा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "हे तू आधी का वाजवत न्हवतास?" मी म्हणालो, "येत नव्हतं." तिला वाटलं मी चेष्टा करतो आहे.

*

गोळ्यांचा कोर्स संपला. डॉक्टरांनी हात मिळवून सांगितलं, तुम्ही बरे झालात. त्यानंतरच्या गणपतीत विलासदादांनी निरोप धाडला: एक पीस वाजव, लोक विचारतात. मी म्हणालो, संथ वाजवीन. ते नाखुशीनं हो म्हणाले. तपासणीला गेलो होतो तेव्हा तातोबा भेटला, त्याला बोलता बोलता कार्यक्रमाचं सांगितलं. तो येईल असं वाटलं नव्हतं. खरं म्हणजे येऊ नये असं वाटत होतं.

तो आला. धुवट पटका बांधून, दवाखान्यातल्या त्या मऊ रबरी चपला घालून, पुढच्या रांगेत बसला.

विलासदादांनी माइक घेतला. "मंडळी, मशीनीत बोटं जायबंदी झाली, पण गडी हरला न्हाय! कामगार हाय, कलाकार हाय, आपल्या मंगळवार पेठेचा हाय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. मी मान लववून नमस्कार केला. टाळ्या न वाजवणारा एकटा तातोबा होता, तो माझ्याकडे बघत होता.

मी वाजवलं. कसं वाजलं ते मला सांगता येणार नाही. मागून कुणीतरी "फास्ट येऊ द्या!" ओरडलं, मग तेही गप्प झालं. शेवटचा सूर धरला तेव्हा मंडपात पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. पण मला त्या सुरात मशीन ऐकू येत होतं. एवढं उघडं होऊन वाजवायचं आणि मध्ये एवढं मोठं खोटं ठेवायचं, हे मला जड जात होतं.

स्टेजमागे चहा होता. विलासदादांचे डोळे ओले झाले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला होता. तेवढ्यात तातोबा लंगडत मागे आला. विलासदादांनी विचारलं, "पावणं, तुमी कुठलं?"

तातोबानं एकदा माझ्याकडे पाहिलं. फळवाल्यालासुद्धा आपला रोग सांगणारा तो माणूस. त्यानं घसा खाकरला आणि प्रथमच मला त्याचा आवाज उतरलेला ऐकू आला.

"हेंच्याच कंपनीतला. एकाच मशीनवर हुतो आमी."

"पायाला बी मशीनच काय?"

"व्हय. मशीनच."

त्याची नजर जमिनीवर होती. माझ्यासाठी त्यानं ती खाली घातली होती. आजारपणात मला जी काही लाज वाटली होती, ती सगळी एकत्र केली तरी एवढी भरली नसती.

"विलासदादा," मी म्हणालो, "मशीन न्हवतं. मी कधी मशीनवर कामच केलं न्हाय. आमी दोघं एका वॉर्डात हुतो. मला महारोग झालता. आता बरा हाय."

कीबोर्डवाल्यानं कप खाली ठेवला. विलासदादांचा हात माझ्या खांद्यावर थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो काढला आणि खिशात काहीतरी शोधल्यासारखं केलं. त्यांच्यावर माझा राग नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच मला पुन्हा बोलावलं, आणि माइकवर फक्त माझं नाव घेतलं. पण त्या संध्याकाळी हात काढला तो काढलाच, आणि तो मला दिसला.

मग तातोबाचाच आवाज आला, बाजारातला, फाटका, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल एवढा.

"आरं येड्या, जन्मात पयल्यांदा खोटं बोललो तुझ्यापायी, आणि तू ते बी वाया घालवलंस!"

तो खरोखरच चिडला होता.